कथलाचा सौरघट आणि एका रेणूच्या जाडीचा थर

काचेच्या छोट्या तुकड्यावर पिवळसर द्रावणाचे थेंब टाकायचे, काच गरगर फिरवायची आणि ती फिरत असतानाच वरून दुसऱ्या द्रवाची धार सोडायची. द्रावण कथलाचं असेल तर बघता बघता पिवळ्याचं काळपट होतं. म्हणजे स्फटिक तयार झाले. बघायला हे फार सुंदर दिसतं, पण शिशाशिवायच्या सौरघटाचं सगळं दुखणं याच घाईत आहे.

पेरोव्हस्काइट नावाच्या विशिष्ट रचनेच्या स्फटिकांपासून बनवलेल्या सौरघटांची सुरुवात २००९ साली जपानमध्ये झाली. त्सुतोमू मियासाका यांच्या गटाच्या पहिल्या घटाची कार्यक्षमता होती ३.८ टक्के. आज प्रयोगशाळेतले असे घट २६ टक्क्यांच्या पुढे गेलेत. मात्र त्यांच्या स्फटिकात शिसं असतं. घट फुटला आणि त्यात पाणी शिरलं, तर ते शिसं विरघळून बाहेर येऊ शकतं. मुलांच्या मेंदूवर शिशाचा काय परिणाम होतो हे माहीत असताना त्याकडे डोळेझाक करणं मला पटत नाही.

शिशाच्या जागी सगळ्यात चपखल बसतं ते आवर्तसारणीत त्याच्या लगेच वर असलेलं कथील. सूर्यप्रकाश शोषण्यात ते कमी नाही. पण हवा लागली की त्याचा अणू आणखी दोन इलेक्ट्रॉन सोडून देतो आणि स्फटिकात रिकाम्या जागा पडतात. प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचायच्या आतच वाटेत जिरतात. त्यात स्फटिक घाईने वाढल्यामुळे थर खडबडीत होतो, मध्ये भोकंही राहतात.

ही गळती सर्वांत जास्त होते ती थरांच्या सीमेवर. कथलाच्या घटांत खालचा थर म्हणून बरीच वर्षं पेडॉट-पीएसएस नावाचं पॉलिमर वापरलं जातंय. ते आम्लधर्मी आहे आणि ओलावाही ओढून घेतं, म्हणजे कथलाच्या उशाशीच वैरी.

त्याऐवजी आता जेमतेम एका रेणूच्या जाडीचा थर देऊन पाहतात. या रेणूचं एक टोक फॉस्फोनिक आम्लाचं. ते काचेवरच्या वीजवाहक ऑक्साइडच्या लेपाला घट्ट धरतं. दुसरं टोक, बहुधा कार्बाझोल या वलयाकार सेंद्रिय रेणूचं, वर पेरोव्हस्काइटकडे तोंड करून उभं राहतं. काच द्रावणात बुडवली की रेणू आपापले रांगेत लागतात. जाडी एक-दोन नॅनोमीटर, त्यामुळे प्रकाश जवळजवळ अडतच नाही.

पण शिशाच्या घटात उत्तम चाललेला रेणू कथलाखाली जसाच्या तसा चालत नाही, आणि मला यातली खरी गंमत इथेच वाटते. कथलाचं द्रावण त्या थरावर नीट पसरत नाही. शिवाय कथलाच्या ऊर्जापातळ्या वेगळ्या, त्यामुळे रेणूची पायरी आणि स्फटिकाची पायरी जुळत नाही. म्हणून वरचं टोक नव्याने घडवावं लागतं. त्याने कथलाला हलकेच धरून ठेवलं, तर स्फटिक सावकाश वाढतील आणि विद्युतभारही सहज खाली उतरेल.

वरच्या बाजूलाही तीच कथा. तिथे इलेक्ट्रॉन गोळा करणारे नेहमीचे फुलरीन, म्हणजे कार्बनचे पोकळ चेंडूसारखे रेणू, कथलाच्या मानाने फार खालच्या पायरीवर असतात, त्यामुळे व्होल्टेज वाया जातं. २०२० साली एका गटाने तिथे आयसीबीए हा वरच्या पायरीचा फुलरीन वापरला आणि कथलाच्या घटाचं व्होल्टेज ०.९४ व्होल्टपर्यंत चढलं.