‘रेडिएशन स्टिकर’ आम्ही का ठेवत नाही
ग्राहकांसाठी माहितीपत्रक · मोबाईल विक्री व दुरुस्ती, फोंडा

फोनच्या लहरी (रेडिएशन) अडवतो म्हणून विकला जाणारा, फोनच्या पाठीला चिकटवायचा गोल स्टिकर बरेच जण मागतात. तो आम्ही ठेवत नाही. का, ते कळायला फोनच्या रेडिओ लहरी शरीराच्या पेशींत शिरून काय करतात हे आधी पाहू.

मोबाईलच्या लहरी साधारण 700 मेगाहर्ट्झपासून साडेतीन गिगाहर्ट्झपर्यंतच्या. डीएनएचा बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या मानाने या लहरीचा एक फोटॉन (ऊर्जेचा एक कण) लाखो पटींनी दुबळा. मिरामारच्या किनाऱ्यावर दुपारी अंगावर पडणारे अतिनील किरण डीएनए बिघडवू शकतात, फोनच्या लहरींत ती ताकद नाही. त्यांच्यामुळे पेशीतले पाण्याचे रेणू आणि क्षारांचे आयन हलतात व किंचित उष्णता होते. निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम एवढाच.

ती उष्णता किती? भारतात फोनची एसएआर (शरीरात लहरींची किती ऊर्जा शोषली जाते त्याचे माप) मर्यादा किलोमागे 1.6 वॅट आहे, कोणत्याही 1 ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. (*#07# दाबा, तुमच्या फोनचा आकडा दिसेल.) रक्त मुळीच खेळत नाही असे धरले, तरी या कमाल दराने 6 मिनिटांत जेमतेम 0.16 अंश सेल्सिअस वाढ होईल. मेंदू तर आपल्या कामातूनच किलोमागे 10 वॅटहून जास्त उष्णता काढतो आणि रक्त ती वाहून नेते. बोलताना कान तापतो तो मुख्यतः बॅटरी-प्रोसेसरच्या उबेने, शिवाय कानाला वारा लागत नाही म्हणून.

उष्णतेपलीकडे काही होते का, यावर वाद आहे. 2011 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ या 2बी गटात टाकल्या. पुरावा मर्यादित, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत 2018 मध्ये संपलेल्या प्रयोगात उंदरांच्या नरांत हृदयाच्या गाठी आढळल्या, पण त्यांना दिवसाला 9 तास, दोन वर्षे, संपूर्ण अंगावर किलोमागे 6 वॅटपर्यंत मारा होता. आणि तेच नर लहरी न दिलेल्या नरांपेक्षा जास्त जगले! बशीतल्या पेशींवरचे प्रयोग फसतात ते बहुधा तापमानापायी: द्रव अर्धा-एक अंश तापला, तरी पेशी उष्णतेचा ताण दाखवू लागतात आणि दोष लहरींवर जातो.

आता स्टिकर. अँटेना बहुतेक वरच्या-खालच्या कडांना असतात. स्टिकरात धातू नसेल तर तो काहीच अडवत नाही. धातू असून अँटेनावर आला, तर टॉवरशी संपर्क टिकवायला फोन जोर वाढवतो: बॅटरी लवकर उतरते, लहरीही जास्त निघतात. गाडीच्या मॅग्नेट होल्डरची पत्रीही चुकीच्या जागी लावल्यास हेच करते.

खरा फरक रेंजने पडतो. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’, मग सिमची स्थिती उघडा. 4जीवर उणे 85 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप) चांगले, उणे 115 वाईट. हा आकडा दर 10 ने घसरला की फोनचा जोर 10 पट चढतो, सुमारे 0.2 वॅटची कमाल गाठेपर्यंत. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या मधल्या खोलीत आणि पडवीत हा आकडा ताडून पाहा. आत रेंज नसेल तर वायफाय कॉलिंग चालू करा किंवा पडवीत येऊन बोला. बाजारातला सिग्नल बूस्टर घेऊ नका, विनापरवाना लावणे बेकायदेशीर आहे. लांबलचक बोलणे स्पीकरवर किंवा इयरफोनवर. फोन हातभर दूर गेला की डोक्यात शिरणारी ऊर्जा कितीतरी घटते.

घरात इतरांच्या फोनला नेहमीइतकीच रेंज असताना तुमच्याच फोनला मिळत नसेल, तर अँटेनाचे स्प्रिंग संपर्क तपासून घ्या. खाऱ्या दमट हवेत त्यांवर हिरवट थर चढतो, पाठ बदलताना ते वाकतातही. पेसमेकर असलेल्यांनी फोन त्यापासून किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावा, शर्टाच्या खिशात नको. चुंबकवाले फोन आणि कव्हर तर त्या खिशात मुळीच नकोत. बॅटरी फुगून पाठ उचलली असेल, तर चार्जिंगला न लावता तसाच घेऊन या.