गजाआडच्या माणसाला कल्याणमित्राचं पत्र

आमच्या बौद्धवाडीतल्या विहारात दर पावसाळ्यातल्या वर्षावासात बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. आषाढी पौर्णिमेला सुरुवात होते. बाहेर पाऊस असा लागतो की वाचणाऱ्याला आवाज चढवावा लागतो. पण माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणाऱ्या अंगुलीमालाचं प्रकरण आलं की दंगा करणारी पोरंही गप्प बसतात. गेल्या वर्षी ते वाचून झालं, सरणत्तय ही शेवटची गाथा म्हणून मंडळी उठू लागली, तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका काकींनी विचारलं, “आमचा पोरगा आत आहे. त्याला हे कोण वाचून दाखवील?”

कोणाकडेच उत्तर नव्हतं. तुरुंगात भेटीला जायचं तर गाडीभाडं, दिवसाची मजुरी बुडणार, आणि रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसाला आत सोडतील याची खात्री नाही. शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “पत्र तर जातं ना?” ही नोंद त्या प्रश्नातून निघाली. कैद्याला धम्माच्या नात्याने पत्र लिहायची कल्पना कुठून आली, ते शोधताना मी आपल्याच किनाऱ्यावर कितीदा येऊन पोचलो, ते सांगावंसं वाटतं.

मुळाशी अर्थातच अंगुलीमाल आहे. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथात त्याच्या नावाचं सुत्त आहे. पसेनदी राजा त्याला पकडायला पाचशे घोडेस्वार घेऊन निघतो आणि वाटेत बुद्धांकडे थांबतो. बुद्ध विचारतात, तोच अंगुलीमाल मुंडन करून, चीवर म्हणजे भिक्खूचं वस्त्र घालून, शीलाने राहताना दिसला तर काय कराल? राजा म्हणतो, वंदन करीन, चीवर आणि अन्न देईन. मग बुद्ध हात पुढे करून दाखवतात, हा बसलाय तो. राजा आधी घाबरतो, मग त्याला चीवर आणि अन्न देऊ करतो. लोकांना एवढंच आठवतं. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. भिक्षेला गेलेल्या अंगुलीमालाला ढेकळं, काठ्या, दगड बसतात. डोकं फुटलेलं, पात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, अशा अवस्थेत तो परत येतो. बुद्ध केल्या कर्माचं फळ पुसून टाकत नाहीत. सोसायला सांगतात, पण त्याला एकटं सोडत नाहीत. अशा सोबतीला पालीत ‘कल्याणमित्तता’ म्हणतात. आनंद एकदा म्हणाले की कल्याणमित्र लाभणं म्हणजे अर्धं ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धं धम्मजीवन. बुद्ध म्हणाले, अर्धं नव्हे आनंदा, सगळंच.

दुसरा धागा नालासोपाऱ्यात सापडतो, म्हणजे जुन्या शूर्पारक बंदरात. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथलाच. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये मिळाला, नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. हे दोन्ही ज्या चौदा लेखांच्या मालिकेतले, त्या मालिकेतल्या पाचव्या लेखात अशोक सांगतो की राज्याभिषेकाला तेरा वर्षं झाल्यावर आपण धम्ममहामात्र, म्हणजे धम्माचं काम बघणारे अधिकारी, नेमले. त्यांच्या कामांत बंधनात पडलेल्यांची काळजी घेणं हेही आहे. कोणाला लेकरंबाळं आहेत, कोण म्हातारा आहे, ते बघून मदत करायची, सोडवता येत असेल तर सोडवायचं. हे अधिकारी कुठल्या लोकांत काम करतील, त्या यादीत ‘अपरांत’ हा शब्द आहे. पश्चिम टोकाचे लोक. कोकणाचं जुनं नाव तेच. कैद्यामागे त्याचं घर असतं, हे दगडावर कोरून ठेवणारी राजसत्ता या किनाऱ्यापर्यंत पोचली होती, हे आपण विसरून गेलोय.

आणि पत्र? बौद्ध आचार्य नागार्जुनांचा ‘सुहृल्लेख’ म्हणजे शब्दशः मित्राला लिहिलेलं पत्र. परंपरा सांगते की ते एका सातवाहन राजाला लिहिलेलं होतं. मूळ संस्कृत हरवलं, तिबेटी आणि चिनी भाषांतरांत ते टिकलं. सातव्या शतकात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूने भारतात शिकणारे ते पाठ करत, अशी नोंद केली आहे. धम्म समोर बसूनच सांगावा लागतो असं नाही, मित्राच्या पत्रातूनही तो पोचतो, हे तेव्हाही ठाऊक होतं.

रत्नागिरीचा तुरुंग म्हटलं की सावरकर आठवतात. पण त्याच गावात एक बौद्ध बंदिवान तीस वर्षं होता. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला मंडालेहून उचललं, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं. १९१० मध्ये राजवाडा बांधून दिला आणि १९१६ च्या डिसेंबरात तो तिथेच वारला. थिबा पॉइंटवर आपण सूर्यास्त बघायला जातो. तिथे उभं राहिलं की मला वाटतं, याला डोक्यावर छप्पर होतं, पण ज्यांच्याबरोबर धम्म आचरायचा ती माणसं समुद्रापलीकडे राहिली.

आजच्या रूपातलं काम मात्र पश्चिमेत उभं राहिलं. ब्रिटनमध्ये भिक्खू खेमधम्मो १९७७ पासून तुरुंगात जाऊ लागले आणि १९८५ मध्ये त्यांनी बौद्ध तुरुंग-सेवेची संस्था काढली. तिचं नावच ‘अंगुलीमाल’. अमेरिकेत फ्लीट मॉल या कैद्याने १९८९ मध्ये तुरुंगातूनच ‘प्रिझन धर्मा नेटवर्क’ सुरू केलं. १९९६ मध्ये रोबिना कोर्टिन या भिक्खुणीला कॅलिफोर्नियातल्या एका तरुण जन्मठेपीचं पत्र आलं. तिने उत्तर दिलं, आणि त्या उत्तरातून ‘लिबरेशन प्रिझन प्रोजेक्ट’ वाढला. आपल्याकडे वाट वेगळी निघाली. १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात गोएंका गुरुजींचं विपश्यना शिबिर झालं. १९९४ च्या एप्रिलमध्ये तिहारमध्ये हजारावर बंदी एका शिबिराला बसले. हे फार मोठं काम आहे. पण दहा दिवसांनी शिबिर संपतं आणि माणूस बराकीत परत जातो. अकराव्या दिवसापासून सोबत कोणाची?

त्यात बहुतेकांची शिक्षा अजून ठरलेलीही नसते. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर चार बंद्यांमागे तीन न्यायाधीन होते. तारीख पडते, पुढची तारीख मिळते. अशा माणसाला उपदेश नको असतो. आपलं नाव लिहिलेलं पाकीट हवं असतं.

हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चाकरमान्याची मनिऑर्डर आणि त्याचं आंतरदेशीय पत्र यावर आमच्या आया-आज्या जगल्या. शेजारच्या आजीला तिच्या गिरणीतल्या मुलाचं पत्र मी वाचून दाखवायचो, तेव्हा ती तीनदा वाचायला लावायची. मजकूर तिला पहिल्याच वेळी पाठ झालेला असायचा. मग पत्र तांदळाच्या डब्यात जायचं.

तुरुंगाच्या पत्राला काही पथ्यं आहेत, ती पाळावीच लागतात. पत्र अधीक्षकांमार्फत जातं, तिथे उघडून वाचलं जातं, म्हणून आडपडदा ठेवायचा नाही. गुन्हा काय, हे विचारायचं नाही. खटल्यावर सल्ला द्यायचा नाही, पैशाचं वचन द्यायचं नाही. घरचा पत्ता न देता विहाराचा द्यायचा. आणि झेपेल तेवढंच बोलायचं. दर महिन्याला लिहीन म्हणून तिसऱ्या महिन्यात गप्प बसणं, हे न लिहिण्यापेक्षा वाईट.

काकींच्या मुलाला आम्ही दोन पानं लिहिली. ‘सप्रेम जयभीम’, पावसाची खबर, लावणी कुठवर आली ते, आणि अंगुलीमालाची अर्धी गोष्ट, कारण कागद तिथे संपला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. पाकीट एका बाजूने सरळ कापलेलं, वर तुरुंगाचा शिक्का. अक्षर मुलाचं नव्हतं. त्याला लिहिता येत नाही, शेजारच्या बंद्याने लिहून दिलं होतं. आईला औषध वेळेवर घ्यायला सांगा, राजाने त्याला पकडलं का ते कळवा, एवढंच. खाली बारीक अक्षरात लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव घातलं होतं आणि पुढे दोन शब्द: मलाही लिहा.

काकींनी ते पत्र काहीजणांकडून वाचवून घेतलं. आम्ही पुढचं पत्र लिहायला बसलो तेव्हा दोन पाकिटं आणली होती.