फोगारा

अल्जीरियाच्या सहारा वाळवंटातील मरूद्यानांना भूजल पुरविणारा भुयारी पाट. गुरारा, तुआत आणि तिदिकेल्त हे फोगारांचे मुख्य प्रदेश होत. तादेमाइत पठाराच्या कडेला भूजलपातळी उंच व मरूद्याने सखल भागात असल्याने मंद उताराच्या भुयारातून पाणी आपसूक वाहते. भुयारावर ओळीने खोदलेल्या उभ्या कूपांतून माती उपसतात आणि हवा खेळती ठेवतात. हे पाणी बहुतांशी प्राचीन काळी साठलेले असून त्याचे पुनर्भरण अत्यल्प आहे.

फोगाराच्या उगमाविषयी एकमत नाही. शब्दाची व्युत्पत्ती काही जण ‘खोदणे’, तर काही जण ‘उसळून वाहणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून लावतात. इराणमधील ‘कनात’ या भुयारी पाटाशी असलेल्या साम्यावरून हे तंत्र तेथून आले, असे दीर्घकाळ मानले जाई. ईजिप्तच्या खारगा मरूद्यानातील ऐन मनावीर येथील भुयारी पाट इ. स. पू. पाचव्या शतकातील, म्हणजे इराणी अमलातील असल्याने या मताला बळ मिळते. लिबियाच्या फेझान प्रदेशात गारामांत लोकांचेही शेकडो फोगारा आढळले असून त्यांची सुरुवात इ. स. पू. अखेरच्या शतकांत झाली असावी. तंत्र ईजिप्तच्या मरूद्यानांतून टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे सरकले, हे अनुमान आता अधिक ग्राह्य वाटते; मात्र आटणाऱ्या झऱ्यांमागे खोदत जाताना ते स्थानिकरीत्याच घडले, असेही काही अभ्यासक मानतात. तुआतमधील फोगारा सामान्यतः मध्ययुगीन समजले जातात.

पाणीपाळीत वेळ वाटून दिली जाते. तुआतमध्ये मात्र प्रवाहच वाटतात. भुयाराच्या मुखापाशी कंगव्याच्या दातांसारख्या खाचांचा दगडी अडसर (कसरिया) असतो. त्यातून प्रत्येक भागीदाराचा प्रवाह वेगळा होऊन त्याच्या बागेतील टाक्यात पडतो. ‘कियाल अल्-मा’ (जलमापक) हा भोके पाडलेल्या तांब्याच्या पत्र्याने प्रवाह मोजतो. हब्बा हे एकक असून त्याचे २४ किरात होतात. हब्ब्याचे प्रत्यक्ष मान गावागणिक बदलते, त्यामुळे जुन्या नोंदींतील आकड्यांची परस्पर तुलना जपूनच करावी लागते. हिस्से खरेदी-विक्रीने व वारसाहक्काने हस्तांतरित होतात.

खोल कूपनलिका, ढासळलेली भुयारे व साफसफाईला मजुरांची टंचाई यांमुळे अनेक फोगारा कोरडे पडले आहेत. जलमापकांचे ज्ञान २०१८ मध्ये युनेस्कोच्या तातडीने संरक्षणीय अमूर्त वारशाच्या सूचीत समाविष्ट झाले. छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीचे औरंगाबाद) मलिक अंबरकालीन नहर याच तंत्रकुळातील आहे.