नाग नदीचे दुसरे टोक

नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, त्यामुळे किनाऱ्यावरच्या कांदळवनांशी आपला काही संबंध असेल असे येथे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघून अंबाझरीमार्गे शहरातून वाहणारी नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेत शिरते, वैनगंगा आणि वर्धा यांची मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरीचा गौतमी हा फाटा काकीनाड्याजवळच्या कोरिंगा कांदळवनाशेजारी बंगालच्या उपसागराला मिळतो. वाटेत गोसेखुर्दसारखी धरणे बरेच काही अडवतात हे खरे. पण पुरात वाहणारे हलके प्लास्टिक आणि पाण्यात विरघळलेली द्रव्ये पूर्णपणे अडत नाहीत.

कोरिंगात तिवराची झाडे विपुल आहेत. दलदलीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी जमिनीबाहेर उभी राहतात आणि सूक्ष्म छिद्रांतून हवा घेतात. प्लास्टिकची पिशवी त्यांच्यावर पसरून बसली की हा मार्गच बुजतो, आणि आच्छादन फार काळ राहिले तर झाड गुदमरते.

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर 2015 मध्ये वकील अफरोझ शाह यांनी सुरू केलेल्या लोकसफाईने देशाचे लक्ष वेधले. 2018 मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे पाऊल: शाह नंतर मिठी नदीच्या सफाईकडे वळले, कारण किनाऱ्यावरचा कचरा मुख्यतः नद्यानाल्यांतून येतो. ज्या शहरात नदी उगम पावते तेथील नागरिकांनाही म्हणूनच किनाऱ्याचे राखणदार मानले पाहिजे.

नागपुरात फुटाळा तलावावर विसर्जनाच्या दिवसांत निर्माल्य वेगळे काढणारे स्वयंसेवक हेच काम करतात. फुले नैसर्गिक असली तरी ती कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात, आणि 30 अंश सेल्सिअसच्या पाण्यात एका लिटरमध्ये तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. हे प्रमाण चारच्या खाली उतरले की अनेक मासे तगमगू लागतात.

सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस मात्र हाताने उचलता येत नाहीत. गोसेखुर्दच्या जलाशयात फोफावणाऱ्या जलपर्णीला हेच खत मिळते. यावर मुख्य उपाय सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचाच आहे, आणि त्यासाठी पाठपुरावा करणे हाही लोकसहभागच होय. त्याच्या जोडीला तलावांच्या काठची पाणथळ जागा राखणे नागरिकांच्या आवाक्यात आहे. तिच्याकडे ‘पडीक चिखल’ म्हणून पाहून भराव टाकला जातो, याचे मला फार वाईट वाटते. तेथील प्राणवायूविरहित गाळात राहणारे जीवाणू नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फरसला अशी वाट नाही. तो गाळात धरला जातो किंवा पाणकणसासारख्या वनस्पतींमध्ये साठतो, आणि त्या जागच्या जागी कुजल्या तर बराचसा पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणून पाणकणीस वाळण्यापूर्वी कापून काठापासून दूर नेऊन त्याचे कंपोस्ट करावे लागते, मात्र पक्ष्यांच्या विणीचा काळ टाळून आणि दरवेळी काही भाग तसाच उभा ठेवून.