टाकीखालचं माहेर

रात्री पाणी प्यायला उठलेला पाहुणा आमच्या हॉलमध्ये हमखास दचकतो. माशांची टाकी अंधारात आणि तिच्या खालच्या कपाटाच्या फटीतून जांभळट-गुलाबी उजेड. मागच्या महिन्यात मामा मुक्कामाला होता. मी कपाटाचं दार उघडून दाखवलं. काचेच्या पेटीत हिरव्या दोऱ्यांचा एक गुंता सावकाश गिरक्या घेत होता, भांडी घासायच्या नायलॉनच्या घासणीसारखा. मामा म्हणाला, "हे शेवाळ आहे ना? लोक टाकीतलं शेवाळ खरवडून काढतात आणि तू त्याच्यापुढे दिवा लावतेस?"

खाऱ्या पाण्याच्या टाकीला जोडलेल्या या पेटीला रेफ्यूजियम म्हणतात. शब्दाचा अर्थ आसरा. मी माहेर म्हणते, कारण पुढे येईल.

मामाच्या शेजाऱ्यांकडचा अरोवाना मासा नुकताच मेला होता आणि 'घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं' म्हणून सगळे हळहळत होते. बंद टाकीत माशावर येणारं संकट बहुतेक वेळा अमोनियाचं असतं. मासा तो कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. इथपर्यंत शाळेतलं नायट्रोजन चक्र. पण भरपूर ऑक्सिजन असलेल्या टाकीत गाडी नायट्रेटपाशी थांबते आणि नायट्रेट साठत जातं. गोड्या पाण्याच्या टाकीत चार बादल्या बदलल्या की काम झालं. खाऱ्या टाकीत बादली भरायची म्हणजे आरओचं पाणी घ्या, लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास महागडं मीठ मोजा, विरघळवा, घनता तपासा. मग माणूस शेवाळाकडे वळतो.

'शेवाळ पाणी शुद्ध करतं' हे वाक्य दुकानदार फार सैलपणे वापरतात. शेवाळ काहीच नाहीसं करत नाही. पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस उचलून ते आपलं अंग वाढवतं, एवढंच. कचरा पाण्यातून हिरव्या दोऱ्यात गेला, पण टाकीतच राहिला. तो घराबाहेर जातो तो आपण मूठभर गुंता उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकतो तेव्हा. खरा फिल्टर म्हणजे आपला हात!

याचा हिशोब मला भारी आवडतो, म्हणून जरा सोसा. समुद्रतळावर वाढणाऱ्या शेवाळांत आणि वनस्पतींत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या अणूंचं प्रमाण साधारण ५५०:३०:१ असतं, असं अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये मांडलं. (प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत, ते १०६:१६:१ असतं. दोरे, पानं असा सांगाडा उभा करायला कार्बन जास्त लागतो.) आता १०० ग्रॅम निथळलेलं शेवाळ घ्या. वाळवलं तर उरेल १० ग्रॅमच्या आसपास. त्यात दोन टक्के नायट्रोजन धरला तर ०.२ ग्रॅम. नायट्रेटचं रेणुवजन ६२, त्यात नायट्रोजन १४, म्हणून ०.२ ला ६२ ने गुणून १४ ने भागा: जवळपास ०.९ ग्रॅम नायट्रेट. माझ्या टाकीत एकूण पाणी २०० लिटर, म्हणजे एका मुठीत लिटरमागे साडेचार मिलिग्रॅम नायट्रेट बाहेर!

त्याच प्रमाणातून दुसरी गोष्ट निघते. वजनात बघितलं तर शेवाळाला एक भाग फॉस्फेटमागे (पाण्यातला फॉस्फरस याच रूपात असतो) सुमारे २० भाग नायट्रेट लागतं. पहिल्या वर्षी माझं नायट्रेट लिटरमागे ३० मिलिग्रॅमवर अडून बसलं होतं आणि शेवाळ पांढरं पडून तुटत होतं. मी दिवा बदलला, पंप बदलला. चूक होती वरच्या टाकीच्या काचेवर डाग नकोत म्हणून घातलेल्या फॉस्फेटशोषक लोहाच्या दाण्यांत. फॉस्फेट शून्यावर आलेलं. ताटात भात ढीगभर आणि मीठ नाही. दाणे काढले आणि तीन आठवड्यांत गुंता दुप्पट झाला.

हे दोरे कीटोमॉर्फा या शेवाळाचे. पूर्वी हौशी लोक कॉलर्पा लावत. दिसायला देखणं, आणि अख्खं झुडूप म्हणजे एकच पेशी: आत भिंती नाहीत, केंद्रकं मात्र असंख्य. ते प्रजननाला लागलं की सगळं जीवद्रव्य युग्मकांत, म्हणजे प्रजननपेशींत, ओतून देतं आणि रिकामं कवच मागे ठेवतं. सकाळी टाकी ताकासारखी पांढुरकी. महिनोन्‌महिने साठवलेला नायट्रोजन एका रात्रीत पाण्यात परत. यातल्याच एका जातीचं शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोर समुद्रात सापडलं आणि पुढे भूमध्य समुद्रात पसरत गेलं. कॅलिफोर्नियात २००० मध्ये दिसल्यावर ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते मारावं लागलं. म्हणून उपटलेलं शेवाळ ओल्या कचऱ्यात टाका. नाल्यात नको, खाडीत तर नकोच.

दिवा रात्री का? अंधारात टाकीतले सगळेच जीव श्वसन करून कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि पहाटे पीएच घसरतो. वर रात्र असताना खाली दिवस ठेवला की शेवाळ तोच वायू खातं. माझ्याकडे पहाटेचा ७.९ आता ८.१ वर थांबतो. बंद खिडक्यांच्या एसी खोलीत हवेतच हा वायू साठतो, तिथे अर्थात शेवाळाचीही दमछाक होते. तिथे खिडकी उघडणं स्वस्त.

मांडणी सोपी आहे. वरून पाणी येतं, शेवाळाच्या कप्प्यातून जातं, पंप ते परत वर ढकलतो. कप्प्यांमध्ये जाळी हवी, नाहीतर दोरे पंपात अडकतात. वीज गेल्यावर परतीच्या पाइपमधून पाणी उलटं उतरतं, हे मला रात्री दोन वाजता खाऱ्या पाण्यात उभं राहून कळलं. पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक भोक पाडा, म्हणजे हवा शिरून ओघ तुटेल. आणि खालची टाकी काठोकाठ भरू नका. प्रवाळ मात्र आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये ते आहेत. माझ्याकडे हॅचरीत वाढलेली क्लाउनफिशची जोडी आणि कृत्रिम सच्छिद्र दगड आहेत.

आता माहेर. मामाला मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरायला सांगितला. काचेवर रव्याच्या कणाहून बारीक पांढरे ठिपके झटके देत सरकत होते. हे कोपेपॉड, कोळंबीच्या गोतातले चिमुकले जीव; ग्रीक नावाचा अर्थ वल्ह्यांसारखे पाय. वरच्या टाकीत ते दिसले की माशांच्या पोटात. खाली मासे नाहीत, दोऱ्यांत लपायला जागा. त्यामुळे बाळंतपणं सगळी खाली. माद्या अंड्यांच्या पिशव्या अंगाला लावून फिरतात आणि डोळ्यांना न दिसणारी पिल्लं पंपातून बहुतेक धडधाकट वर जातात. मँडरिनसारखा मासा दिवसभर हेच टिपत राहतो; लहान टाकीत तो उपाशी मरतो तो यांच्याअभावी.

सकाळी परतीच्या पाइपच्या तोंडापाशी क्लाउनफिशची मादी रिकाम्या पाण्यात टचाटच तोंड मारत होती. मामाने चष्मा मागितला, मग खुर्ची ओढली, मग चहाही तिथेच मागवला.