नियुए: समुद्रातून वर आलेला खडक

२०१८ च्या सुरुवातीला दक्षिण पॅसिफिकमधल्या नियुए बेटावर मॅलार्ड जातीचे एक बदक कुठूनसे येऊन उतरले आणि रस्त्याकडेच्या एका डबक्यात राहू लागले. न्यूझीलंडच्या संसदेचे तेव्हाचे सभापती ट्रेव्हर मॅलार्ड यांच्या आडनावावरून लोकांनी त्याचे नाव ट्रेव्हर ठेवले. डबके आटू लागले की अग्निशमन दल त्यात पाणी आणून ओतत असे. पुढच्या वर्षी जानेवारीत कुत्र्यांनी त्याला मारले, तेव्हा साऱ्या बेटाने हळहळ व्यक्त केली. त्याने राहायला डबकेच का निवडले, याचे उत्तर मात्र सरळ आहे. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या या बेटावर नदी नाही, ओढा नाही आणि तळेही नाही.

पाऊस कमी पडतो असे नव्हे. वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटर पाऊस होतो. परंतु बेट चुनखडीचे आहे, आणि चुनखडीला इतक्या भेगा व पोकळ्या आहेत की पडलेले पाणी थेट खाली उतरते. खाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगते, कारण गोडे पाणी वजनाने हलके असते. भूजलतज्ज्ञ या थराला गोड्या पाण्याचे भिंग म्हणतात. विंधनविहिरींतून उपसलेले हे पाणी आणि छपरावरून टाक्यांत साठवलेले पावसाचे पाणी यांवरच बेटावरची सुमारे सतराशे माणसे राहतात.

ही चुनखडी म्हणजे मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे. मुळात येथे समुद्रतळावरून उठलेला एक ज्वालामुखी होता. तो विझला, हळूहळू खचू लागला, आणि त्याच्या काठांवर वाढणारे प्रवाळ उजेडाच्या ओढीने वरवर चढत राहिले. ज्वालामुखी पाण्याखाली दिसेनासा झाला, तेव्हा वर प्रवाळांचे कडे आणि मध्ये खारकच्छ, म्हणजे समुद्राच्या पाण्याचे उथळ तळे, असे कंकणद्वीप उरले. पॅसिफिकमध्ये अशी कंकणद्वीपे पुष्कळ आहेत आणि त्यांतली बहुतेक भरतीच्या पाण्यापेक्षा जेमतेम दोन-चार मीटर उंच आहेत. नियुएची जुनी कडा मात्र आज साठ मीटरहून उंच उभी आहे, आणि जिथे एके काळी खारकच्छ होते त्या खोलगट पठारावर लोक तारो नावाच्या अळूची लागवड करतात. उथळ पाण्याखेरीज जगू न शकणारे प्रवाळ इतक्या उंचीवर सापडतात, याचा अर्थ बेटच वर उचलले गेले आहे.

त्याला वर उचलणारी शक्ती पश्चिमेकडे आहे. तिकडे टोंगाची सागरी गर्ता, म्हणजे समुद्रतळावरची खोल दरी आहे, आणि तिच्यात पॅसिफिक भूपट्ट, म्हणजे नियुएला घेऊन सरकणारा पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, वाकून खाली जातो. पायरीच्या कडेवरून जाड सतरंजी खाली सोडली, तर वळण्याआधी ती कडेपाशी किंचित फुगते. भूपट्टालाही गर्तेच्या अलीकडे तसाच रुंद, मंद फुगवटा येतो. नियुए त्या फुगवट्यावर चढत आहे. पृथ्वीवरच्या हिमयुगांमुळे समुद्राची पातळी खालीवर होत राहिली आणि तिने या उचललेल्या खडकात पायऱ्या कोरल्या. सर्वांत ठळक खालची पायरी वीस-पंचवीस मीटरांवर आहे, आणि राजधानी अलोफी तिच्यावरच वसली आहे.

बेटाची उत्पत्तिकथाही या चढण्याचीच आहे. फाओ आणि हुआनाकी हे दोन वीर फोनुआगालो नावाच्या हरवलेल्या भूमीतून पोहत निघाले. त्यांना सापडला तो फक्त लाटांखालचा खडक. हुआनाकीने पाय आपटला तेव्हा पाणी ओसरून जमीन उघडी पडली. त्याने पुन्हा पाय आपटला तेव्हा तिच्यावर गवत आणि झाडे उगवली. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला, ही कथा ऐकत वाढलेल्या वाचकाला ही मांडणी ओळखीची वाटेल. मात्र अशा कथांना भूशास्त्राचा पुरावा मानण्याचा मोह आवरलेला बरा. बेटाचे चढणे लाखो वर्षांचे आहे आणि माणूस तिथे फार तर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी पोहोचला. प्रवाळाचा खडक डोंगरकड्यावर पाहिलेल्या चौकस माणसाला मात्र ही जागा पूर्वी पाण्याखाली असणार, असे सुचू शकते, आणि कथेत ते निरीक्षण मुरले असावे असे मला वाटते. नियुए या नावातला ‘नियू’ म्हणजे नारळ.

नारळावरून आठवतो तो ‘उगा’, म्हणजे नारळखेकडा. जमिनीवर राहणारा हा जगातला सर्वांत मोठा संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांचा प्राणी चार किलोपर्यंत भरतो, आणि पाय पसरले की त्याचा विस्तार सुमारे मीटरभर होतो. आपल्याकडे तो निकोबार बेटांवर आढळतो. त्याला पकडण्याची रीत साधी आहे. नारळ फोडून झाडाच्या बुंध्याशी किंवा खडकाला बांधून ठेवायचा आणि रात्री विजेरी घेऊन परत यायचे; तोवर उगा खोबऱ्याला चिकटलेला असतो. त्याचे आयुष्य चमत्कारिक आहे. मादी अंडी समुद्रात सोडते, पिल्ले काही आठवडे पाण्यात वाहत राहतात, मग शंखात शिरून किनाऱ्यावर येतात. वाढल्यावर ती शंख टाकून देतात, आणि पुढे त्याच समुद्रात पडली तर बुडून मरतात. वाढ इतकी संथ असते की मोठा उगा अनेक दशकांचा असतो, म्हणूनच बेसुमार पकड त्याला सोसत नाही.

‘कटुआली’ हा काळ्या-निळसर पट्ट्यांचा समुद्रसर्प तर नियुएशिवाय जगात कुठेच नाही. तो विषारी असूनही स्वभावाने गरीब आहे. त्याचे कूळ समुद्रात शिकार करते, पण अंडी घालायला त्याला कोरडी जागा लागते, आणि पोखरलेल्या चुनखडीतल्या गुहा ती पुरवतात. याच गुहांनी जुनी हाडेही जपली. त्यांवरून २००० साली दोन नामशेष पक्ष्यांची नोंद झाली: एक रातबगळा आणि एक पाणकोंबडीच्या कुळातला.

नदी नसल्याचा आणखी एक परिणाम म्हणजे समुद्रात गाळ जात नाही. त्यामुळे इथले पाणी इतके नितळ आहे की काही दिवशी सत्तर मीटरपर्यंतचे दिसते. कडा सरळ खोल पाण्यात उतरतो, म्हणून जुलै ते सप्टेंबरमध्ये कुबड्या देवमाशांच्या माद्या पिल्लांसह किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात.

हाच कडा माणसांना मात्र अवघड. होड्या उतरवायला जागा थोड्या, आणि १७७४ मध्ये आलेल्या कॅप्टन कुकला लोकांनी परतवून लावले. त्याने रागाने या बेटाला ‘रानटी बेट’ म्हटले, आणि ते नाव बराच काळ नकाशांवर चिकटून राहिले. प्रत्यक्षात निसर्ग जपण्याची इथल्या लोकांची रीत बरीच शिस्तीची होती. काही काळ एखाद्या ठिकाणी मासेमारी बंद ठेवण्याला ‘फोनो’ म्हणतात. पूर्वेकडच्या हुवालू जंगलाचा काही भाग तर ‘तापू’, म्हणजे वर्ज्य मानला गेला.

जानेवारी २००४ मध्ये हेटा चक्रीवादळ आले, तेव्हा लाटा अलोफीच्या कड्यावर चढून गेल्या. वस्ती, रुग्णालय आणि हुआनाकीच्या नावाचे संग्रहालय त्यांनी उद्ध्वस्त केले, आणि तिथल्या बहुतेक जुन्या वस्तू समुद्रात गेल्या. त्यानंतर नवे रुग्णालय किनाऱ्यापासून आत, वरच्या पायरीवर बांधण्यात आले.