सूर्याचं 'ओम' आणि माझा सिंथ

लोणारकडे आमच्या गावात घरी सिंथवर (विजेवर सूर काढणाऱ्या सिंथेसायझर या वाद्यावर) अवकाशी संगीत वाजवायला बसलो की कुणीतरी विचारतंच, "भाऊ, हे नासावाल्यानं पकडलेलं सूर्याचं ओम हाय का?" नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'नासानं सूर्याचं ओम पकडलं' असं सांगणारा तो जुना फॉरवर्ड खोटा आहे. निर्वात पोकळीतून आवाज पोचतच नाही. सूर्याचा पृष्ठभाग मात्र साधारण ५ मिनिटांच्या आवर्तनानं वरखाली होतो; आपल्या कानाला सेकंदाला किमान २० कंपनं लागतात. म्हणून शास्त्रज्ञांनी सूर्याचं निरीक्षण करणाऱ्या सोहो यानाची मोजमापं ४२,००० पट वेगानं वाजवली. निघाली ती घूंघूं. मंत्र ऐकणाऱ्याच्या मनातला. माझा घुमारा तर निव्वळ विजेचा. दोन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग) एकमेकांपासून एका हर्ट्‌झनं (सेकंदाला एका कंपनानं) सरकवले की सेकंदाला एक हेलकावा येतो, वर फिल्टर (आवाजातला काही भाग गाळणारा) आणि डिले (प्रतिध्वनीसारखा आवाज परत आणणारा). लाइन गेली की तेही बंद.